गोवळकोंड्याची फेरी

ज्या वाटेने चढलो तिनेच उतरायचे नाही, हा सह्याद्रीत भटकणाऱ्यांचा जुना हट्ट. राजगडाला गुंजवण्याहून चोर दरवाजाने चढायचे आणि पाली दरवाजाने उतरायचे. हरिश्चंद्रगडाला खिरेश्वरहून टोलार खिंडीने जायचे आणि पाचनईला उतरायचे. हौस फिटते, पण संध्याकाळी गाडी एका गावात आणि आपण डोंगरापलीकडच्या दुसऱ्या गावात! म्हणून मला खरा लोभ आहे तो फेरीच्या वाटांचा. माळवली स्टेशनवर उतरून भाजे, गायमुख खिंड, लोहगड, मग विसापूर, आणि भाजे लेण्यांच्या अंगाने उतरून पुन्हा माळवली. पाऊल मागे न घेता माणूस निघाल्या जागी परत येतो.

हैदराबादेत मुक्काम पडल्यावर हीच भूक कुठे भागेल याचा शोध सुरू केला. पहिले नाव पुढे आले भोनगीरचे. शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर एकसंध खडकाचा प्रचंड गोटा, त्यावर चालुक्य विक्रमादित्य सहावा याच्या काळापासूनचा किल्ला. २०१४ मध्ये तेराव्या वर्षी एव्हरेस्ट सर करणारी मलावत पूर्णा याच खडकावर चढाई शिकली. चढणाऱ्याने तिथे जायलाच हवे. पण भोनगीरला गेलेल्या वाटेनेच परतावे लागते, आणि उतरताना नजर पायरीखेरीज काही शोधत नाही.

फेरी सापडली ती शहराच्या कुशीतच, गोवळकोंड्यावर. टेकडी जेमतेम चारशे फुटांची, पायऱ्या साडेतीनशेहून थोड्या जास्त. पट्टीचा भटक्या म्हणेल, ही काय चढाई? उंचीपुरते मान्य. पण वाट म्हणून इतकी विचारपूर्वक रचलेली फेरी मी दुसरी पाहिलेली नाही.

आरंभच पाहा. बाला हिसार दरवाजाच्या घुमटाखाली टाळी वाजवायची. तिचा आवाज माथ्यावरच्या बारादरीत ऐकू जातो. पहारेकऱ्यांच्या इशाऱ्यासाठी केलेली ही योजना, पण चालणाऱ्याला पहिल्याच पावलाला ती शेवटचे ठिकाण सांगून टाकते. दीड तासाने आपण बारादरीत उभे असतो, खालून कुणा अनोळखी माणसाची टाळी येते, आणि आपण कुठून निघालो ते कानांना कळते. फेरी पायांनी पूर्ण होण्याआधी कानांनी पूर्ण होते.

दरवाजातून पुढे गेले की नगिना बाग, शस्त्रागार, आणि जिथे अक्कण्णा-मादण्णांची कचेरी दाखवतात त्या पडक्या इमारती. मादण्णा हा शेवटचा सुलतान अबुल हसन याचा मुख्य प्रधान. १६७७ मध्ये शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर जाताना भागानगरला, म्हणजेच हैदराबादला, आले आणि अबुल हसनशी तह झाला, त्या तहामागे मादण्णाचे डोके होते. मराठी माणसाने इथे दोन मिनिटे थांबावे.

मग चढण. सह्याद्रीचा बसाल्ट थरांचा असतो, त्यामुळे तिथली वाट आडवी जाते, कड्याखालची पट्टी धरते. इथला ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा, झिजून गोल झालेला. वाट शिळांच्या मधून अंग चोरत वर सरकते. बांधणाऱ्याने शिळा फोडल्या नाहीत, तटच शिळांना जोडून घेतला. कुठे खडक संपला आणि कुठे भिंत सुरू झाली हे बोट ठेवून सांगता येत नाही. भिंतींत भाजक्या मातीचे नळ दिसतात. रहाटांनी टप्प्याटप्प्याने पाणी वर चढवायची सोय होती, आणि चढताना लागणारी टाकी म्हणजे त्याच पाण्याचे मुक्काम. आपण दम खायला थांबतो तिथेच पाणीही थांबत होते, हे लक्षात आल्यावर चढणीचा वेग आपोआप त्या पाण्याशी जुळतो.

पुढे अंबरखाना, म्हणजे धान्याचे कोठार. मग रामदासाचा बंदीखाना. भद्राचलचे राममंदिर सरकारी वसुलीतून बांधल्याच्या आरोपावरून कंचर्ल गोपन्ना, म्हणजेच भद्राचल रामदास, इथे बंदिवासात होता. परंपरा त्याला अक्कण्णा-मादण्णांचा भाचा मानते. मामांची कचेरी पायथ्याशी, भाचा वर अंधाऱ्या कोठडीत, आणि दोन्ही एकाच चढणीवर! कोठडीच्या भिंतीवर कोरलेल्या देवमूर्ती अजून आहेत. त्यावर इब्राहिम कुतुबशहाची मशीद, थोडे पुढे दोन शिळांच्या बेचक्यातले जगदंबेचे मंदिर, आणि माथ्यावर बारादरी. शस्त्र, कचेरी, पाणी, धान्य, तुरुंग, प्रार्थना, सिंहासन. राज्य कशावर उभे असते ते ही चढण क्रमाने दाखवते.

इथून आल्या वाटेने परतणारे बरेच दिसतात. त्यांचा अर्धा किल्ला राहून जातो.

उतरण दुसऱ्या अंगाची, जास्त उभी आणि सलग. सांभाळून उतरायचे. गुडघे कुरकुरणाऱ्याला मी एरवी उभी बाजू चढायला आणि सौम्य बाजू उतरायला सांगतो. इथे मात्र तो नियम मोडावा, कारण उलट फिरलात तर क्रमच फिरतो. ही वाट राणीमहालात उतरते. मधोमध कारंजे, भिंतींत कोनाडे, गिलाव्यावर वेलबुट्टीचे उरलेसुरले तुकडे. जवळच तारामती मशीद. चढताना पहारा, हिशेब आणि शिक्षा होती. इथे अंगण आहे, स्वयंपाकाचा धूर असेल, मुलांचे आवाज असतील. ज्या माणसांसाठी वरचा सारा बंदोबस्त होता त्यांची घरे उतरणीवर येतात. १६८७ मध्ये औरंगजेबाने आठ महिने वेढा घातला, तट पडला नाही, शेवटी फितुरीने एक दार उघडले गेले. ही हकिकत माथ्यावर ऐकली तर इतिहास वाटते. राणीमहालाच्या छप्पर नसलेल्या दालनात ती अंगावर येते.

आणि मग वाट वळते, शस्त्रागाराची तीच तीनमजली भिंत पुन्हा समोर येते. सकाळी ती नुसती जाडजूड इमारत होती. आता ती कुणाच्या दारावर पहारा करत होती ते आपण पाहून आलेलो असतो.

फेरीची वाट निवडताना लोक अंतर विचारतात, उंची विचारतात, वेळ विचारतात. मी आधी विचारतो, उतरणीला स्वतःचे काही सांगायचे आहे का? लोहगड-विसापूरच्या फेरीत ते लेण्यांमुळे आहे. गोवळकोंड्यात ते सर्वांत जास्त आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत, गड उघडताच जा. उन्हाळ्यात ग्रॅनाइट तापला की सावली शोधूनही मिळत नाही. पाणी जवळ ठेवा, निदान तीन तास हाताशी ठेवा, आणि माथ्यावर पोहोचलात की राणीमहालाकडे उतरणारा जिना कुठे आहे ते विचारून घ्या.