राखपात्र आणि खुर्ची

साल्वादोर दालीने १९६७ साली एअर इंडियाच्या निवडक प्रवाशांसाठी चिनी मातीचे राखपात्र घडविले. त्यातला हंस उलटा पाहिला की हत्ती दिसतो. कल्पना अजोड, पण आतिथ्याची कसोटी भेटवस्तूवर नव्हे, खुर्चीवर लागते. डिसेंबर २०२२ मध्ये याच कंपनीने आपल्या ४० जुन्या मोठ्या विमानांचे अंतरंग बदलण्यासाठी ४० कोटी डॉलर योजिले, ही उशिराची कबुलीच होय. कारण नेहमीचा प्रवासी तिकिटाआधी विमानाची जात पाहू लागला होता. समोरचा पडदा चालेल न चालेल, म्हणून पुस्तक जवळ बाळगीत होता. कादंबरी एका सुंदर प्रकरणावर तरत नाही. विमानसेवेचेही तेच: काल मिळाले ते आजही मिळेल, हा भरवसा हेच तिचे सौंदर्य.