स्थळ, संहिता आणि चालणे

जुलै २०१६ मध्ये आलेला ‘पोकेमॉन गो’ हा मोबाइलवरील खेळ खेळाडूला प्रत्यक्ष चालावयास लावतो. उपग्रहांच्या साहाय्याने त्याचे स्थान निश्चित होते आणि समोरच्या देवळावर, पुतळ्यावर कल्पित चिन्हांचा एक थर चढतो. स्थळ हीच संहिता व चालणे हेच वाचन, ही कल्पना मराठीला मात्र अपरिचित नाही. महानुभावांच्या ‘स्थानपोथी’त चक्रधरांच्या वास्तव्याची स्थाने नोंदलेली आहेत, बुलढाणा जिल्ह्यातील लोणार व मेहकर ही त्यांपैकीच. कोणते स्थान कोणत्या दिशेला, हे सांगणारे तिचे गद्यही वाचकाला वाटेवर आणते. जे डोळ्यांना दिसत नाही, त्याची जागा दोहोंत दाखविली जाते.

भेद आहे तो स्थळाच्या अनन्यतेचा. पोथीतील एका स्थानाऐवजी दुसरे योजता येत नाही. तेथील लीला तेथेच घडलेली असते. खेळातील प्राणी लोणारच्या दैत्यसूदन मंदिरापाशी सापडला काय किंवा पुण्याच्या चौकात, त्याचा अर्थ बदलत नाही. शिवाय खेळातील अनेक थांबे ‘इन्ग्रेस’ या आधीच्या खेळाच्या खेळाडूंनी सुचविलेले. साहजिकच खेळाडू विरळ, तेथे नकाशाही विरळ.

तथापि थांबा सुचविणाऱ्याला स्थळाचे नाव व अल्प वर्णन द्यावे लागते. स्थळाची स्मृती या संहितेत शिरू शकते ती एवढ्याच फटीतून. ते वर्णन तेथे राहणारा लिहितो की वाटसरू, यावर तिचे मूल्य ठरेल.