व्हॉयेजर-१ची दुरुस्ती : गौरव आणि चिकित्सा

प्रास्ताविक :
५ सप्टेंबर १९७७ रोजी प्रक्षेपित झालेल्या व्हॉयेजर-१ या अवकाशयानाचा उल्लेख मराठीत होतो, तो प्रामुख्याने त्यावरील सुवर्ण तबकडीमुळे. तीत सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. हा गौरव रास्तच आहे. परंतु आपले लेखन बहुधा त्यापाशीच थांबते. त्याच यानाच्या संगणकातील बिघाड ज्या पद्धतीने शोधला गेला, तिचे मर्म तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
नोव्हेंबर २०२३ पासून यानाकडून अर्थहीन संकेत येऊ लागले. दोष माहितीची जुळणी करणाऱ्या संगणकात होता आणि त्याचा पर्यायी जोडीदार पूर्वीच निकामी झाला होता. मार्च २०२४ मध्ये पाठविलेल्या एका आज्ञेच्या उत्तरात या संगणकाच्या संपूर्ण स्मृतीची प्रत हाती आली. बिघाडापूर्वीच्या प्रतीशी ती ताडून पाहता सुमारे ३ टक्के स्मृती दूषित झाल्याचे व त्यास एक चिप कारणीभूत असल्याचे आढळले. सुमारे २४०० कोटी किलोमीटरवरील चिप बदलणे अशक्य होते. तीवरील आज्ञावली सलग मावेल अशी जागाही अन्यत्र नव्हती. म्हणून आज्ञावलीचे तुकडे करून ते निरनिराळ्या ठिकाणी ठेवण्यात आले व त्यांचे परस्परसंदर्भ नव्याने जुळविण्यात आले. पहिला भाग १८ एप्रिलला पाठविला गेला. संदेशास एका दिशेने साडेबावीस तास लागत असल्याने उत्तर २० एप्रिलला मिळाले. जूनपर्यंत चारही वैज्ञानिक उपकरणांची माहिती पूर्ववत येऊ लागली.

यास 'चमत्कार' म्हटले की जुनी प्रत जपणारे, दोन प्रती ताडणारे श्रम दृष्टीआड होतात. येथे दोष नाहीसा झाला नाही. दोष गृहीत धरून रचना बदलली गेली. ही दृष्टी आपल्या परंपरेस परकी नाही. केसरबाईंचे गुरू अल्लादियाखाँ यांचा आवाज अतिश्रमाने बिघडला, तेव्हा बदललेल्या आवाजास पेलेल अशी गायकी त्यांनी घडविली, असे परंपरा सांगते. तबकडीवरील स्वरामागेही अशीच एक पुनर्रचना उभी आहे.

समारोप :
आपल्या अध्यापनात यशाची कथा येते, बिघाडाची नोंदवही येत नाही. परिणामी विद्यार्थी अभिमान शिकतो, निदान शिकत नाही. व्हॉयेजरवरील मराठी लेखनाने स्वराच्या गौरवाबरोबर या नोंदवहीचेही वाचन करावयास हवे.