पात्रयोजनेची परीक्षा : पॅरिस ऑपेराचे बॅले आणि त्याचे तीन संचालक

बॅले या नृत्यप्रकाराशी आपल्याकडील वाचकांचा परिचय बेताचाच आहे. तरीही त्यातील एका जुन्या घराण्याच्या कारभाराविषयी लिहावेसे वाटते. कलासंस्थेची सूत्रे नव्या माणसाच्या हाती गेली म्हणजे त्याची खरी भूमिका त्याच्या मुलाखतींवरून कळत नाही. कोणते प्रयोग तो निवडतो आणि त्यांत कोणाला पुढे उभे करतो, यावरून ती कळते. शिवाय या घराण्याच्या एका गाजलेल्या कलाकृतीचे नाव आपल्याच परिसरातून तिकडे गेले आहे. 'ला बायादेर' या नावातील 'बायादेर' हा फ्रेंच शब्द पोर्तुगीज 'बैलादेइरा'वरून आला, आणि पोर्तुगीज लोक हा शब्द गोव्यातील देवळांत नाचणाऱ्या कलावंतिणींना उद्देशून वापरीत. या लेखात त्या कलाकृतीकडे पुन्हा यावे लागेल.

पॅरिस ऑपेराच्या बॅलेचे मूळ चौदाव्या लुईने 1661 मध्ये स्थापन केलेल्या नृत्य-अकादमीपर्यंत नेले जाते. त्याची नृत्यशाळा 1713 सालची आहे. सुमारे दीडशे नर्तक-नर्तिकांच्या या परिवारात पाच पायऱ्या असतात. सर्वांत खाली काद्रिय, मग कोरिफे, स्युजे, प्रमिए दान्सर आणि शिखरावर 'एत्वाल', म्हणजे तारा. खालच्या पायऱ्या चढावयाच्या त्या वार्षिक स्पर्धेतून, परीक्षकमंडळासमोर एकट्याने नाचून. एत्वाल मात्र स्पर्धेने होता येत नाही. ते पद बहाल केले जाते, आणि तेही अनेकदा प्रयोग संपताच रंगमंचावरच जाहीर केले जाते. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी निवृत्ती. अशा शिस्तीत वाढलेल्या मंडळींना पायरी ही केवळ मानाची बाब नसते. कोणती भूमिका मागता येईल, कोणती येणार नाही, हे त्या पायरीवरच ठरत आलेले असते.

या घरात 2014 च्या अखेरीस बेंजामिन मिलपिये कलासंचालक म्हणून आले. जन्म बोर्दोचा, बालपणाचा काही काळ सेनेगलमधील डाकारचा, कारकीर्द मात्र न्यूयॉर्क सिटी बॅलेची. त्यांच्या आधी ब्रिजित लफेव्र यांनी 1995 पासून जवळजवळ दोन दशके हे घर सांभाळले होते. नव्या संचालकांनी नर्तकांच्या दुखापतींकडे लक्ष दिले, वैद्यकीय देखरेखीची व्यवस्था केली, सरावाच्या जमिनींचा प्रश्न हाती घेतला. ही कामे प्रेक्षकांना दिसत नाहीत, पण नाचणाऱ्याच्या गुडघ्यांना ती ठाऊक असतात. त्यांचे श्रेय त्यांना उणे-अधिक न करता दिले पाहिजे.

प्रयोगांच्या निवडीत त्यांचा ओढा उघडच अमेरिकेकडे होता : बॅलन्शीन, रॉबिन्स, फोरसाइथ, व्हील्डन, जस्टिन पेक. सप्टेंबर 2015 मध्ये हंगामाच्या आरंभी त्यांनी स्वतःची नवी रचना सादर केली, 'क्लिअर, लाउड, ब्राइट, फॉरवर्ड'. संगीत निको म्युलीचे आणि नर्तक सोळा; एकही एत्वाल नाही, सारे खालच्या पायऱ्यांवरचे. 'रेलेव्ह' या माहितीपटात या रचनेची जडणघडण पाहावयास मिळते. उत्साही, देखणे, आपल्यावर कोणीतरी विश्वास टाकला म्हणून फुललेले ते चेहरे पाहताना मिलपिये यांच्या बाजूने मन झुकते, हे कबूल करतो.

त्याहून महत्त्वाचा धागा वर्णाचा. या घराच्या नृत्यसमूहात एकसारखेपणा हा गुण मानला जाई, आणि त्या एकसारखेपणाचा रंग गोरा असे. सावळ्या किंवा काळ्या कांतीची व्यक्ती रांगेत असली तर प्रेक्षकाचे लक्ष विचलित होते, असे आपल्याला ऐकविण्यात आल्याचे मिलपिये यांनी जाहीरपणे सांगितले. ते सांगून थांबले नाहीत. 2015 मध्येच 'ला फीय माल गार्दे' या बॅलेत नायिका लीझची भूमिका त्यांनी लेतिझिया गालोनी या मिश्रवंशीय नर्तिकेला दिली. पात्रयोजनेच्या कागदावरील एका ओळीने जे साधले, ते शंभर व्याख्यानांनी साधले नसते.

मग फेब्रुवारी 2016 मध्ये त्यांनी पद सोडण्याचे जाहीर का केले? सनातन्यांनी सुधारकाला पळवून लावले, असा सोपा निष्कर्ष त्या वेळी पुष्कळांनी काढला. मला तो अपुरा वाटतो. नृत्यसमूहाची अवस्था भिंतीला चिकटवलेल्या रंगीत कागदासारखी होऊ नये, अशा अर्थाचे मिलपिये यांचे उद्गार त्यांच्याच नर्तकांना झोंबले. वर्षानुवर्षे एका रांगेत, एका श्वासात हात उचलण्याची साधना केलेल्या माणसांना त्यांच्या साधनेची अशी उपमा ऐकावी लागली. सोळा जणांना त्यांनी जीव लावला. उरलेल्या शंभराहून अधिक जणांना आपण कोणाच्या हिशेबात आहोत हे कळेनासे झाले. पायऱ्या जाचक आहेत हे त्यांचे निदान बरोबरच होते. पण पायऱ्या मोडून त्यांच्या जागी संचालकाची आवड बसविली, तर निवड न झालेल्याला दाद मागावयाला परीक्षकमंडळही उरत नाही.

येथे रुडॉल्फ नुरेयेव्ह यांची आठवण अपरिहार्य आहे. ते 1983 ते 1989 या काळात याच पदावर होते आणि मिलपिये यांच्याहून कितीतरी अधिक उग्र होते. पायऱ्यांची पर्वा त्यांनीही केली नाही. 1984 च्या डिसेंबरात सिल्व्ही गिएम हिला 'स्वान लेक'च्या प्रयोगानंतर त्यांनी एत्वाल केले, तेव्हा ती अवघी एकोणीस वर्षांची होती. विरोध झाला, भांडणे झाली. फोरसाइथसारख्या नव्या माणसाकडून त्यांनी 1987 मध्ये 'इन द मिडल, समव्हॉट एलिव्हेटेड' करवून घेतले, म्हणजे नवेपणाचेही त्यांना वावडे नव्हते. तरीही त्यांची पिढी त्या घरात रुजली. इझाबेल गेरँ, लोरॉं इलेर, मान्युएल लग्री ही नावे आजही 'नुरेयेव्हची पिढी' म्हणून घेतली जातात.

फरक माझ्या मते प्रयोगांच्या निवडीत होता. नुरेयेव्ह यांनी 'रेमोंडा', 'स्वान लेक', 'नटक्रॅकर' अशी पूर्ण लांबीची, साऱ्या घराला कामाला लावणारी बॅले उभी केली. त्यांतील नृत्यसमूहाच्या पदन्यासांवर कधीकधी गर्दीचा आरोप होतो, आणि तो निराधार नाही. पण त्या गर्दीत काद्रियलाही घाम गाळण्याजोगे काही मिळे. निवडलेल्या मोजक्यांवर प्रकाश पडला तरी बाकीचे अंधारात राहत नसत. 8 ऑक्टोबर 1992 रोजी, मृत्यू तीन महिन्यांवर आला असताना, त्यांनी 'ला बायादेर' रंगमंचावर आणले; 6 जानेवारी 1993 रोजी ते गेले. त्यातील छायांचा प्रवेश मी 1994 साली झालेल्या चित्रीकरणात पाहिला आहे. उतरणीवरून एकेक शुभ्रवस्त्रा नर्तिका तीच हालचाल पुन्हा पुन्हा करीत खाली येते, रांग वाढत जाते, बत्तीस जणींनी रंगमंच भरतो. तेथे एकीचा पाय डगमगला तर साऱ्या जणींचा भंग होतो. या स्त्रियांना भिंतीवरचा कागद म्हणण्याचे धाडस मला तरी होणार नाही.

आणि तरीही याच 'बायादेर'मध्ये नुरेयेव्ह यांनी एक जुना डाग तसाच ठेवला. त्यातील एका नृत्यात शाळेतील लहान मुलांना काळे रंगवून नाचवीत, आणि नृत्याचे नावही हीनतादर्शक होते. 2015 च्या हंगामात मिलपिये यांनी ते रंगविणे थांबविले आणि नाव बदलून 'मुलांचे नृत्य' असे केले. ज्याने घर भरले त्याला हा डाग दिसला नाही. ज्याला दिसला त्याला घर राखता आले नाही.

पुढची गोष्ट संचालकांची नाही, नर्तकांची आहे. 2020 मध्ये संस्थेतील पाच कृष्णवर्णीय व मिश्रवंशीय नर्तक-नर्तिकांनी एक निवेदन लिहिले. मागण्या अगदी साध्या होत्या : चेहरा रंगविण्याची प्रथा बंद व्हावी, आणि पायमोजे व नृत्याच्या चपला ज्याच्या त्याच्या कांतीच्या रंगाच्या मिळाव्यात. त्यावर मोठ्या संख्येने सहकाऱ्यांनी सह्या केल्या, आणि पाप न्दियाय व कॉंस्टॉंस रिव्हिएर यांचा अहवाल 2021 मध्ये आला. निवेदनकर्त्यांत गालोनी होती. तसाच गियोम दिओप हा तरुणही होता. ओरेली द्युपों यांच्या कारकीर्दीत, खालच्या पायऱ्यांवर असतानाच, दिओपला नायकाच्या मोठ्या भूमिका मिळू लागल्या. 2022 मध्ये 'ला बायादेर'मधील योद्धा सोलोरही त्याने केला. 2022 च्या अखेरीस आलेले होसे मार्टिनेझ यांच्या काळात, 11 मार्च 2023 रोजी, सोलच्या दौऱ्यात 'जिझेल'चा प्रयोग संपताच तो एत्वाल झाला : या घराण्याचा पहिला कृष्णवर्णीय एत्वाल. मधली एक पायरी त्याने ओलांडली, आणि घरात कोणाला ती टोचल्याचे ऐकिवात नाही. मार्टिनेझ हे स्वतः याच घरात एत्वाल होते, हे येथे विसरता येत नाही.

पात्रयोजना अशी सुधारली. संहिता मात्र तेथेच आहे. 1877 साली पीटर्सबर्गमध्ये पेतिपा यांनी रचलेल्या त्या कथेत आजही कामांध ब्राह्मण आहे, कपटी राजकन्या आहे, अग्नीभोवती उड्या मारणारे फकीर आहेत. त्याच्या बऱ्याच आधी, 1838 मध्ये, दक्षिण भारतातील खऱ्या देवदासी पॅरिसला जाऊन नाचल्या होत्या. तेओफील गोतिए याने त्यांच्याविषयी भारावून लिहिले, आणि पुढे त्यानेच 'जिझेल'चे कथानक रचले व 'शाकुंतला'चे बॅलेही लिहिले. पण त्या स्त्रिया आपल्या पायांनी नेमके काय नाचल्या, यातील एकही ठेका 'बायादेर'मध्ये उतरलेला मला ऐकू आला नाही.