एकांत किती प्रतींचा?

फाइल हाती असली की छायाचित्राच्या कितीही प्रती निघतात. तरी छायाचित्रकार ठरवतो, की पाच किंवा दहाच काढायच्या, प्रत्येकीवर क्रमांक आणि सही घालायची. ही मर्यादित आवृत्ती. रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला तो याच्या नेमका उलट, चित्रं घरोघरी पोचावीत म्हणून. प्रती मोजक्या ठेवल्या की किंमत वाढते, हे उघड आहे. पण एकांत वाढतो का?

दोन कामं जोडीनं पाहू. आंद्रेआस गुर्स्की या जर्मन छायाचित्रकाराचं ‘राइन २’ हे १९९९ सालचं. हिरवळ, नदी, करडं आभाळ, सगळे आडवे पट्टे. माणूस एकही नाही, कारण फिरायला आलेली माणसं आणि पलीकडची इमारत त्यानं संगणकावर पुसली. प्रती सहा. त्यातली एक २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ४३ लाख डॉलरला गेली.

दुसरं, प्रबुद्ध दासगुप्ता यांचं गोव्यातल्या कॅथलिक समाजावरचं ‘एज ऑफ फेथ’ हे २००९ सालचं कृष्णधवल पुस्तक. इथे माणसं पुसलेली नाहीत. जुन्या घरांत ती आहेत, आणि १९६१ नंतर पोर्तुगीज काळ मागे पडलेला आहे.

आपल्या भाषेत एकांत वेगळा आणि एकटेपण वेगळं. एकांत आपण शोधतो, एकटेपण वाट्याला येतं. पिंपळगाव बसवंतमध्ये हे फोड करून सांगायला नको. लिलाव बंद असतानाचं बाजार समितीचं आवार आठवा. त्याचा फोटो मुंबईच्या गॅलरीत लागला, तर बघणारा म्हणेल, ‘काय शांतता आहे!’ आपल्याला तिथे घरी पडून राहिलेला कांदा दिसेल.

पुसणं हा दोष आहे, असं आम्ही म्हणत नाही. चित्रकारही नको ते गाळतोच, आणि ‘राइन २’ची भव्यता खरीच आहे. पण तो एकांत बघणाऱ्याच्या सोयीनं रिकामा केलेला आहे. दासगुप्तांच्या कामात ती सोय नाही. तिथे आपण कुणाच्या तरी घरात उभे असतो, आणि त्या माणसाचं काय झालं हे विचारावं लागतं. म्हणून आमच्या मते ते काम अधिक टिकणारं आहे.

तेव्हा रिकामं छायाचित्र समोर आलं, की प्रती किती हे नंतर विचारू. इथली माणसं कुठे गेली, हे आधी विचारू या.