‘प्रिन्सेस मोनोनोके’ : माळरानावरून पुनर्विचार

हयाओ मियाझाकी दिग्दर्शित ‘प्रिन्सेस मोनोनोके’ (१९९७) हा जपानी अद्भुतरम्य अ‍ॅनिमेशनपट बहुधा निसर्ग विरुद्ध मानव अशा द्वंद्वातून पाहिला जातो. हे आकलन अपुरे आहे. अरण्य तोडून लोखंड गाळणारी एबोशी खलनायिका नव्हे. कुंटणखान्यांतून सोडवलेल्या स्त्रियांना आणि कुष्ठरुग्णांना तिनेच काम व सन्मान दिला. नीरा डावा कालवा आणि भवानीनगरचा सहकारी साखर कारखाना यांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या अंथुर्णे परिसरातील प्रेक्षकाला तिची बाजू निराळी समजावून सांगावी लागत नाही.

खरी अडचण लांडग्याची आहे. वृकदेवता मोरो आणि तिने वाढवलेली मानवकन्या सान घनदाट अरण्यात राहतात. इंदापूर तालुक्यातच, कडबनवाडीच्या गवताळ माळावर, लांडगा अरण्यावाचून जगतो. चिंकारा आणि खोकड त्याचे शेजारी. तेथेच धनगरांचे कळप चरतात. लांडगा मेंढरू पळवतो, मेंढपाळ त्याला हुसकावतो, आणि तरीही दोघे त्याच माळावर राहतात. चित्रपटाच्या विश्वात या मेंढपाळाला स्थान नाही. तेथे एक तर अरण्य, नाही तर भट्टी. आशिताका मध्यस्थी करतो खरा, पण तो परमुलखातून आलेला.

जपानमधील लांडग्याची शेवटची खात्रीलायक नोंद १९०५ची. मोरोचे देवत्व अशा नामशेष झालेल्या प्राण्याचे आहे. आपल्याकडचा लांडगा जिवंत आहे, म्हणूनच कदाचित तो देव न होता चोर ठरतो.

अखेरीस शिशिगामी कोसळतो आणि उजाड डोंगर हिरवे होतात. हे दृश्य विलक्षण देखणे आहे. सानला मात्र तेथे तिचे अरण्य दिसत नाही. तिच्यापुरते ते योग्यच. परंतु गवत म्हणजे हरवलेल्या अरण्याची खूण, हा दृष्टिकोन आपल्या माळांना फार महागात पडला आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या भारताच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहाने गवताळ प्रदेशांचीही गणना पडीक जमिनींत केली. अशा माळांवर गिरिपुष्पासारखी झाडे लावली गेली, ती सद्हेतूनेच. पण उघड्या माळावर वावरणाऱ्या लांडग्या-चिंकाऱ्यांची जागा त्यामुळे आक्रसते. पर्यावरण अभ्यासाच्या तासाला हा चित्रपट दाखवताना अखेरच्या हिरव्या डोंगरापाशी थांबून विद्यार्थ्यांना एवढे विचारावे : येथे आता कोण राहील, आणि कोणाची मेंढरे चरतील?