रंगभूमीवरील ममत्वाची भाषा : स्वगत आणि संबोधन

अभिनयाच्या विद्यार्थ्यांसाठी प्रवेश व स्वगते निवडून देणाऱ्या संग्रहांत 'प्रेम', 'वात्सल्य', 'ममत्व' अशी भावनावार वर्गवारी करण्याची रीत आता रूढ झाली आहे. नाट्यशिक्षणाच्या प्रवेशपरीक्षांना आणि एकपात्री स्पर्धांना चारपाच मिनिटांत बसणारा उतारा हवा असतो. ती गरज हे संग्रह भागवितात. गरजेविषयी वाद नाही. वाद आहे तो निवडीच्या कसोटीविषयी. ज्या उताऱ्यात पात्र आपल्या भावनेचे नाव घेते, आपण कोणावर किती जीव लावला हे विस्ताराने सांगते, तो उतारा ममत्वाचा, असे गृहीत धरले जाते. मराठी नाटकांतील ममत्वाचे उत्कट प्रसंग तपासले असता हे गृहीत टिकत नाही.

याचे एक कारण भाषेच्या घडणीतच आहे. 'मला तुझी आठवण येते', 'त्याचा तिच्यावर जीव आहे', 'तिला बाळाचा लळा लागला' या वाक्यांत माया करणारी व्यक्ती व्याकरणदृष्ट्या कर्ता नव्हे. आठवण येते, जीव असतो, लळा लागतो. माणूस त्या क्रियेचे केवळ स्थान असतो. 'मी तुझ्यावर प्रेम करतो' हे वाक्य अशुद्ध नाही, कादंबऱ्यांनी आणि चित्रपटांनी ते चांगले रुळविलेही आहे. तथापि घरात वावरणाऱ्या पात्राच्या तोंडी ते आले की पाठ केल्यासारखे वाटते. 'माया' या शब्दाचा प्रवासही येथे लक्षात घेण्याजोगा आहे. संस्कृतात भ्रम किंवा कपट सुचविणारा हा शब्द मराठीने ममतेला दिला, आणि शिंप्याने कापडाला. शिवणीच्या आत राखलेले जादा कापड म्हणजेही मायाच. ती बाहेरून दिसत नाही. कपडा उसवून मोठा करण्याची वेळ आली म्हणजे तिचा पत्ता लागतो.

घरगुती मराठीत ही भावना वाक्याच्या अर्थापेक्षा संबोधनात अधिक साठविलेली असते. 'अगं', 'अरे', 'अहो' हे उद्गार, 'तू' आणि 'तुम्ही' यांतील निवड, टोपणनाव, लटका राग, यांच्या आधाराने दोन माणसांतील जवळीक कळते. पतीचे नाव न घेण्याच्या रूढीने तर एकट्या 'अहो'वर केवढा भार टाकला! नाव घ्यायचे ते उखाण्यात, चारचौघांत आणि यमकाच्या आडोशाने.

परंतु संबोधनाला ऐकणारा लागतो, आणि स्वगतात तोच नसतो. संस्कृत नाट्यविचाराने या अडचणीची सूक्ष्म दखल घेतलेली दिसते. स्वगत, अपवारित, जनान्तिक आणि आकाशभाषित हे भेद मुळात भाषण कोणी ऐकावयाचे यावरून पाडलेले आहेत. भाण हा तर एकाच नटाचा रूपकप्रकार. परंतु त्यातला विट रंगमंचावर नसलेल्या माणसांशी बोलतो, त्यांची उत्तरे ऐकल्याचा अभिनय करतो आणि ती स्वतःच उच्चारून पुढे जातो. 'चतुर्भाणी'तील भाण वाचताना एकट्या नटाभोवती सबंध रस्ता भरलेला भासतो, तो या युक्तीमुळे. एकपात्री म्हणजे एकाकी नव्हे, हे त्या परंपरेला ठाऊक होते.

वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मध्ये (१९७०) या दृष्टीने पाहण्यासारखे पुष्कळ आहे. अप्पासाहेब बेलवलकर म्हटले की त्यांची दीर्घ भाषणेच प्रथम आठवतात आणि स्पर्धांतूनही तीच ऐकू येतात. ती भाषणे वक्तृत्वाने समृद्ध आहेत यात शंका नाही. परंतु अप्पासाहेबांचे ममत्व त्यांत शोधू जाणारा नट बहुधा आवाजाच्या चढउतारांतच अडकतो. ते ममत्व कावेरीला उद्देशून येणाऱ्या 'सरकार' या एका शब्दात आहे. या शब्दात थट्टा आहे, कारण ज्या घरात हे दोघे आश्रित होऊन बसले आहेत तेथे तिची कोणतीही सत्ता चालत नाही. त्यात अदब आहे, कारण जन्मभर राजांच्या भूमिका केलेला हा पुरुष तिच्यापुढे प्रजा होऊ इच्छितो. शिवाय त्यात नटाची सवयही आहे: पत्नीलासुद्धा तो एक भूमिका देतो. कावेरीच्या मृत्यूनंतर हे संबोधन ऐकणारे माणूस उरत नाही, आणि पुढची वाताहत प्रेक्षकाला जी सोसवत नाही ती या कारणाने. केवळ अखेरचे भाषण उचलून म्हणणाऱ्या नटाच्या हाती पोकळी येते. त्या पोकळीत पूर्वी कोण होते हे मात्र येत नाही. वसंत कानेटकरांच्या 'हिमालयाची सावली'तील बयोचे उदाहरण याच जातीचे. तिची नानासाहेब भानूंवरील माया तिच्या फटकळपणात आहे, आणि फटकळपणाला समोर माणूस लागतो.

विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधील बेणारेचे स्वगत मात्र वरकरणी या विवेचनाला छेद देते. १९६७ मध्ये सुलभा देशपांडे यांनी ही भूमिका प्रथम साकारली, आणि तेव्हापासून किती अभिनेत्रींनी हे स्वगत परीक्षेसाठी पाठ केले असेल याची गणती नाही. ते बहुधा आक्रोश म्हणून केले जाते. नाटकातील स्थिती वेगळी आहे. न्यायालयाच्या खेळात आरोपीला बोलण्यासाठी मोजक्या सेकंदांची मुदत मिळते; प्रकाश बदलतो, इतर पात्रे जागच्या जागी थिजतात, आणि बेणारे बोलते. तिचे बोलणे त्यांच्यापैकी कोणाच्याही कानावर पडत नाही. कोवळ्या वयात ज्याच्यावर जीव जडला तो मामा, आणि ज्याच्या बुद्धीची तिने पूजा केली तो प्राध्यापक दामले, या दोघांचाही उल्लेख ती तृतीय पुरुषात करते. 'तू' म्हणावे असे तिला कोणी उरलेलेच नाही. ज्या अर्भकासाठी तिला आता जगावयाचे आहे त्यालासुद्धा ती हाक मारीत नाही, त्याच्याविषयी बोलते. संबोधनाचा हा अभाव म्हणजेच या स्वगताचा आशय होय. रागाचा सूर चढविला की तो झाकला जातो, कारण राग समोर शत्रू उभा करतो आणि बेणारेला ऐकणारे मिळाल्याचा भ्रम निर्माण होतो.

यावर असा आक्षेप संभवतो की, राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तील सिंधूचे प्रेम तर वाक्यावाक्याला उघड बोलते. बालगंधर्वांनी १९१९ मध्ये उभी केलेली ही सिंधू अलंकृत भाषेत पतिनिष्ठा सांगते हे खरे. तो त्या काळच्या नाट्यभाषेचा सार्वत्रिक संकेत होता. परंतु तिच्या प्रेमाचा कळस कोणत्याही कबुलीत नाही. सुधाकराला वाचविण्यासाठी मरणाच्या दारात ती जे खोटे बोलते, त्यात तो आहे. ते वाक्य पतीला उद्देशून नाही आणि त्यात प्रेमाचा उल्लेखही नाही. त्या खोटेपणाला आदर्श मानणे आजच्या वाचकाला जड जाईल, आणि ते योग्यच. नाट्ययुक्ती म्हणून त्याचे बळ मात्र कमी होत नाही.

तेव्हा उतारा निवडताना पात्र काय सांगते याआधी ते कोणाला सांगते, आणि ऐकणारा गेला असल्यास केव्हा गेला, हे पाहिले पाहिजे. कित्येकदा भाषणाची सुरुवात चार ओळी अलीकडे आणली तरी काम होते. अप्पासाहेबांच्या बाबतीत कावेरीबरोबरचा छोटा संवाद जोडावा लागेल. बेणारेसाठी तर पहिल्या अंकापर्यंत मागे जावे. तेथे ती नुकतीच ओळख झालेल्या सामंतापाशी आपल्या शाळेतील मुलांविषयी भरभरून बोलते, आणि सबंध नाटकात तिचे ममत्व इतके मोकळे पुन्हा कधी होत नाही. घरच्या लहान मुलासाठी घेतलेला हिरवा कापडी पोपट याच सामंताजवळ असतो. खेळ संपतो, मंडळी प्रयोगाच्या तयारीला लागतात, बेणारे निश्चल पडून राहते. सामंत तो पोपट हलकेच तिच्याजवळ ठेवतो आणि निघून जातो. कोणत्याही संग्रहात हा क्षण सापडणार नाही, कारण त्यात पाठ करण्यासारखे एकही वाक्य नाही.